फेरातली जागा

उन्हाळ्यातल्या पेत्रोव्हदेनच्या सणाला यावोरे गावातल्या बायका चौकात थोड्या लवकरच येत. स्रेब्रा यंदा फेरात कुठे उभी राहते, हे त्यांना पाहायचे असे.

कुणी कुठे उभे राहायचे हे यावोरेत कुणाला शिकवावे लागत नाही. पुढे सासवा, त्यांच्यामागे सुना, शेपटाला लग्नाच्या मुली. विधवा फेरात येत नाहीत. काळा रुमाल हनुवटीखाली घट्ट बांधून त्या चर्चच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहतात आणि कुणाचे पाऊल चुकले ते सगळ्यांच्या आधी त्यांना दिसते. उरल्या त्या नवरा परदेशी असलेल्या बायका. गावात त्याच जास्त. या डोंगरावर मेंढ्यांखेरीज पोट भरायचे दुसरे साधन नाही, त्यामुळे पुरुष गवंडीकामाला, लाकडाच्या कोरीवकामाला दूर निघून जातात. अशा बाईने फेर धरायचाच. अंगात ताप असो, घरात तान्हे असो, लाल गोंड्यांचा रुमाल बांधायचा आणि आपल्या जागी उभे राहायचे. तिने जागा सोडली तर परमुलखात तिच्या माणसाची परतीची वाट बुजते, अशी समजूत आहे.

स्रेब्राने बावीस वर्षे जागा सोडली नव्हती.

तिचा नवरा इसाइलो दगडाचे काम करणारा. लग्नानंतर दोनदा जाऊन आला. तिसऱ्यांदा गेला तो आलाच नाही. निघायच्या सकाळी पुरुषांनी जड नाच धरला. तो निघणाऱ्यांचाच नाच आहे. झुर्ल्यांचा जोड सनईसारखा एकच लांब सूर धरून बसतो, आणि ढोल मध्येच एखादा ठोका टाकून गप्प होतो. नाचणाऱ्याने पाय उचलायचा, हवेत धरायचा आणि टाकावा की न टाकावा अशा विचारात असल्यासारखा खाली आणायचा. हे बराच वेळ चालते. मग हळूहळू वेग येतो, आणि शेवटी म्होरक्या जमिनीवर आडव्या ठेवलेल्या ढोलावर चढून एका पायावर बसतो आणि तसाच उठतो. त्या वर्षी म्होरक्या इसाइलो होता. स्रेब्राच्या कडेवर तिचा वर्षाचा मुलगा ओग्नेन होता. थोरली मुलगी आदल्या हिवाळ्यात घशाच्या आजाराने गेली होती. उठताना इसाइलोचा पाय थोडा थरथरला आणि लोकांनी श्वास रोखला. मग तो हसत खाली उतरला, खांद्यावर पडशी टाकली आणि इतरांबरोबर खिंडीकडे चालू लागला. बायकांनी रडायचे ते माणसे खिंडीपलीकडे गेल्यावर. स्रेब्रा घरी जाऊन भाकरीचे पीठ मळायला बसली.

पहिली दोन-तीन वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर निरोप आले. एकदा कापड आले, एकदा ओग्नेनसाठी पितळी गुंड्या आल्या. बुखारेस्टमध्ये काम संपले, आता काळ्या समुद्राच्या काठी एका बंदरात धक्का बांधायचे काम धरले आहे, असे कुणी सांगितले. मग लढाया लागल्या. एकामागून एक तीन लढाया झाल्या. गावावरून तीन सैन्ये गेली, सरहद्दी बदलल्या, गावातल्या लोकांचे देशही बदलले. लढाया थांबल्यावर जे यायचे ते आले. कुणी म्हणाले, इसाइलोला आम्ही जहाजावर चढताना पाहिले. दुसरा म्हणाला, तो इसाइलो नव्हता, त्याच्यासारखा दिसणारा होता.

स्रेब्राने मेंढ्या राखल्या, चीज केले, खेचर हाकले, सासू-सासऱ्यांना मातीत पोचवले, मुलगा मोठा केला. आणि दर सणाला लाल रुमाल बांधून ती फेरात गेली. आधी लोक म्हणत, बाई असावी तर अशी. मग नुसते पाहू लागले. मग थट्टा सुरू झाली.

"स्रेब्रा, तुझा इसाइलो येईल तेव्हा त्याच्या तोंडात दात नसतील हो. पाव दुधात भिजवून ठेव."

"भिजवीन की. तुझ्या नवऱ्याला आहेत ना दात? गेल्या हिवाळ्यात तुझ्या दंडावर दिसले होते."

बायका हसत आणि विषय तेवढ्यावर राही. स्रेब्राला उत्तर देता येत असे. फक्त एका माणसासमोर तिला उत्तर सुचत नसे, ती तिची नणंद त्रेना.

त्रेना इसाइलोची धाकटी बहीण. तिचा नवरा तोफे एका पायाने अधू, म्हणून कधी कुठे गेला नाही. त्यामुळे त्रेनाची फेरातली जागा कधी कुणी तपासली नाही. बाई तोंडाने तिखट. पण तिचे दुःख खोटे नव्हते. वर्षातून काही शनिवार मेलेल्यांचे असतात. त्या दिवशी गहू उकडून, मध घालून थडग्यांवर नेतात; पाद्री नाव घेतो, चार जणांनी घास खाल्ला की तो तिकडे पोचतो. ज्याचे नाव घेतले जात नाही तो उपाशी. आणि परमुलखात हरवलेल्या माणसाचे नाव मेलेल्यांत घ्यायचे की नाही, हे त्याची बायको ठरवते. पाद्र्याने त्रेनाला दोनदा परत पाठवले होते.

त्या वसंतात दोघी ओढ्यावर लोकर धूत होत्या तेव्हा त्रेनाने विषय काढला.

"वहिनी, तुझ्या लाल रुमालाचं मला काही नाही. बांध, मिरव. पण त्याला घास मिळत नाही ग."

"जिवंत माणसाला गहू घालू का, वन्सं?"

"जिवंत असता तर एक निरोप पाठवला नसता?"

"काय झालं असेल, कुणाला ठाऊक. अडकला असेल."

"बावीस वर्षं? कशात अडकला, चिखलात?" त्रेनाने लोकर दगडावर आपटली. "तिकडे आईच्या पुढ्यात ताट येतं, बाबांच्या येतं. तुझ्या त्या एवढ्याशा पोरीच्या पुढ्यातसुद्धा येतं. आणि माझा भाऊ दाराशी उभा राहून बघतो. का, तर त्याची बायको म्हणते, अजून यायचाय."

 पाणी बर्फाचे होते. स्रेब्राने हात आणखी खोल घातले.

त्याच उन्हाळ्यात ओग्नेनचे लग्न ठरले. मुलगी गावातलीच, सिल्यानची नेवेना. सिल्यान मोठ्या कळपाचा मालक, कमी बोलणारा आणि रीतीला फार धरून असणारा माणूस. पूर्वी पेत्रोव्हदेनला गावात लग्नांची रांग लागे. त्या वर्षी हे एकच होते.

लग्न ठरले आणि स्रेब्राच्या लक्षात आले की इतकी वर्षे जे टाळले ते आता दारात येऊन उभे राहिले आहे. लग्नाच्या आदल्या दुपारी नवरदेव वाजंत्र्यांना घेऊन टेकडीवरच्या दफनभूमीत जातो आणि घरातल्या मेलेल्यांना लग्नाला बोलावतो. मुलीचा बापही बरोबर जातो. आपली मुलगी कुठल्या मेलेल्यांच्या घरात चालली आहे, हे त्याने कानांनी ऐकायचे असते. तिथून सगळे खाली आले की अंगणात सासूचा फेर सुरू होतो. नवरदेवाची आई लग्नाचा पाव हातात घेऊन पुढे होते, बाकीचे तिच्यामागून जातात. पण ती सवाष्ण असेल तरच. विधवा असेल तर फेर नवरदेवाची आत्या नेते. म्हणजे इसाइलोला बोलावले, तर स्रेब्राने भिंतीशी जायचे. नाही बोलावले, तर तिने पुढे व्हायचे. मधली वाट नव्हती.

ओग्नेन अंगणात लग्नाचा मेंढा सोलत होता तेव्हा ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"उद्या वर गेलास की आजोबा, आजी, धाकटे काका आणि तुझी बहीण. ढोलवाल्या मुफ्तारला तेवढीच नावं सांग."

"आणि बाबा?"

"तुझा बाप यायचा राहिलाय. मेलेल्यांत बोलावलंस तर तू त्याला मारलंस."

ओग्नेनने सुरी मांडीला पुसली. "बरं," तो म्हणाला आणि पुन्हा कामाला लागला. स्रेब्राने ते 'बरं' वचन म्हणून धरले. आईला मुलाचा स्वर कळतो असे म्हणतात, पण त्या दिवशी तिला पाव भाजायचे होते, रुमालाचे गोंडे उकलले होते ते शिवायचे होते, आणि तिने स्वराकडे लक्ष दिले नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी खालच्या गावाहून मुफ्तार आणि त्याचे दोन झुर्लेवाले भाऊ आले. मुफ्तारचा बाप आणि आजाही इथेच वाजवीत आले होते. त्याचा ढोल पोटावर आडवा टांगलेला असतो. उजव्या हातात जाड, वाकडा सोटा. त्याचा आवाज डोंगराच्या पोटातून आल्यासारखा येतो. डाव्या हातात वेताची बारीक छडी. ती चटचट बोलते. दफनभूमीत प्रत्येक नावाला एक ठोका द्यायचा असतो. थोरांपासून सुरुवात, लेकरे शेवटी. मोठ्या माणसाला सोटा, लेकराला छडी. लेकराची छडी वाजली की घराचे मेलेले संपले. फक्त ज्यांची माती परमुलखात पडली आहे ते उरतात. त्यांना थडगे नसते, म्हणून त्यांना सगळ्यांच्या नंतर, रस्त्याकडे तोंड करून हाक मारायची.

पुरुष वर गेले. अंगणात बायका वाट पाहत होत्या. धान्याच्या कोठीच्या भिंतीशी विधवा उभ्या होत्या. स्रेब्रा चुलीजवळ लग्नाचा पाव घेऊन तयार होती, लाल रुमाल, चांदीचा कमरपट्टा, सगळे होते. तिच्या शेजारी त्रेना.

"कमरपट्टा ढिला झालाय ग तुझा, वहिनी."

"वाळले मी. आवळून दे."

त्रेनाने आवळून दिला, जरा जास्तच.

वरून पहिला ठोका आला. सासरे. बायका बोलायच्या थांबल्या. दुसरा ठोका, सासू. स्रेब्राने क्रूसाची खूण केली. तिसरा, धाकटे दीर, जे लढाईतून जखमी परत येऊन घरीच गेले. मग छडी वाजली. इतक्या दुरून तो आवाज वाळकी काटकी मोडल्यासारखा आला. स्रेब्राला मुलीचे तोंड आठवेना, नुसते तिचे केस आठवले. तिने पाव दोन्ही हातांत उचलला आणि पुढे होण्यासाठी पाऊल टाकले.

आणि सोटा पडला.

त्याच्यामागून दोन्ही झुर्ल्या एकदम ओरडल्या. अंगणातल्या एकाही बाईला काही विचारावे लागले नाही. छडीनंतर सोटा म्हणजे रस्त्याकडे तोंड करून मोठ्या माणसाला हाक मारली गेली होती.

"अखेर," त्रेना म्हणाली आणि तिने तोंडावर हात ठेवला.

सगळ्यांच्या नजरा स्रेब्राच्या डोक्यावरच्या लाल गोंड्यांवर होत्या. तिने पाव छातीशी धरला आणि ती तशीच उभी राहिली. माणसे टेकडी उतरून अंगणात येईपर्यंत ती हलली नाही.

ओग्नेन सगळ्यांच्या पुढे होता. तो सरळ तिच्याकडे आला आणि तिला चुलीच्या आडोशाला घेऊन गेला.

"मारलंस?" ती हळू आवाजात म्हणाली. "बापाला मारलंस?"

"आई, ऐक. शरद लागला की मी जाणार. मलाही जावं लागणार, इथे काय आहे?" त्याचा श्वास लागला होता. "मी नाही आलो तर नेवेनाने तुझ्यासारखं उभं राहायचं? म्हातारी होईपर्यंत? लोकांनी हसायचं? मी आत्ता बाबांना हाक मारली नाही, तर उद्या मला तरी कोण हाक मारणार? कुणी तरी हे थांबवायला पाहिजे होतं ना, आई."

"मला विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

ते खरे होते. ती काही बोलणार तेवढ्यात सिल्यान पुढे आला. त्याने टोपी काढली नव्हती. अंगणातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, पण न रागावता, तो म्हणाला,

"विहीणबाई, मला एक सांगा. या घरचा धनी कधी गेला?"

अंगणातल्या बायका स्रेब्राकडे वळल्या.

"आज हाक मारली म्हणून आज गेला, असं असेल, तर या घरात आजपासून सुतक. वर्षभर ढोल वाजायचा नाही. मी घरी जातो, मुलगी माझ्याकडेच राहील, पुढच्या पेत्रोव्हदेनला बघू. आणि आधीच गेला असेल, तर..." तो थांबला. पुढचे त्याने न बोलताही सगळ्यांना कळले. आधीच गेला असेल तर ही बाई लाल रुमाल बांधून कुणासाठी नाचली?

ओग्नेन पांढराफटक पडला. हे त्याच्या डोक्यातच आले नव्हते. बापाला हाक मारली की आई सुटेल, बायको सुटेल, एवढाच त्याचा हिशेब होता. सुतकाचा विचार तरुण माणसाला सुचत नाही. पुढच्या पेत्रोव्हदेनपर्यंत तो इथे नसणार होता, आणि लग्न मोडलेल्या मुलीला सिल्यान वर्षभर त्याच्या नावाने बसवून ठेवणार नव्हता. मुफ्तार सोटा खाली धरून जमिनीकडे पाहत होता.

स्रेब्राने मुलाच्या तोंडाकडे पाहिले. मग पाव त्रेनाच्या हातात दिला.

"आधीच गेला," ती म्हणाली.

"कधी?"

"थोरलं बर्फ पडलं त्या साली. लढाया सुरू व्हायच्या आधी."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"एक वाटसरू आला होता. बाहेरचा. भाकरी खाल्ली, सांगितलं आणि गेला."

"आणि तुम्ही फेर धरलात."

"धरला."

"इतकी वर्षं."

"हो. मला भिंतीशी उभं राहायचं नव्हतं."

कुणी तरी थुंकले. सिल्यानने मान हलवली, व्यवहार समजला अशी. "म्हणजे सुतक केव्हाच फिटलं. लग्न होईल. पण माझ्या मुलीला फेरात आणून उभी करायला ही बाई नको. दुसरं कुणी तरी करा."

त्रेना पाव घेऊन स्रेब्रासमोर येऊन उभी राहिली. 

"तुला माहीत होतं?" ती म्हणाली. "ओढ्यावर मी तुझ्या पाया पडायचंच बाकी होतं, तेव्हा तुला माहीत होतं? मी पाद्र्याच्या दारात रडले, तेव्हा?"

स्रेब्राला एका शब्दात सगळे मागे घेता आले असते. ओग्नेन तिच्याकडे पाहत होता. त्याला एकट्यालाच कळले होते की वाटसरू कुणी आला नव्हता. कालच अंगणात तिने 'तुझा बाप यायचा राहिलाय' म्हटले होते, आणि ते खोटे नव्हते हे त्याला ठाऊक होते. त्याने तोंड उघडले. स्रेब्राने त्याच्याकडे पाहून किंचित मान हलवली, आणि त्याने तोंड मिटले.

"माहीत होतं, वन्सं."

त्रेनाने तिच्या तोंडात मारली. मग उलट्या हाताने स्वतःचे डोळे पुसले, पाव उंच धरला आणि मुफ्तारला म्हणाली, "काय बघतोस रे? वाजव."

सासूचा फेर त्रेनाने नेला. तिच्यामागे तिच्या मुली, मग शेजारणी, मग सगळे. त्रेना रडत होती आणि तिचे पाऊल कुठेही चुकत नव्हते.

स्रेब्राने लाल रुमाल सोडला आणि तो उलटा करून, अस्तर वर येईल असा बांधला. मग ती कोठीच्या भिंतीकडे गेली. तिथे विधवा दाटीने उभ्या होत्या. म्हातारी देस्पा त्यांच्यात सगळ्यांत जुनी. नवरा गेला तेव्हा ती सतरा वर्षांची होती.

"इथे जागा नाही," देस्पा म्हणाली.

"मी कडेला उभी राहीन."

"कडेलाही नाही. इथे आम्ही उभ्या राहतो, कळलं त्या दिवशी रुमाल बदलला त्या. कुणाला हौस नव्हती ग बाई. तुला हौस होती."

तेव्हा स्रेब्रा लाकडाच्या ढिगाऱ्याशी जाऊन बसली. फेर तिच्यासमोरून गेला आणि पुन्हा आला. तिचे पाय जागच्या जागी ताल धरू लागले, तेव्हा तिने दोन्ही हातांनी गुडघे दाबून धरले.

दुसऱ्या दिवशी लग्न झाले आणि नेवेना घरात आली. तिला फेरात त्रेनाने नेले.

शरद लागला, पुरुषांनी जड नाच धरला, आणि ओग्नेन बेलग्रेडला गेला. जाण्याआधी तो आईला म्हणाला, "मी परत येऊन सगळ्यांना खरं सांगेन."

"काय सांगशील? तुझी आई खोटं बोलली, म्हणजे तुझं लग्न सुतकात झालं. नेवेनाला पोर होणार आहे. गप बस."

तो परत येत राहिला. दर दोन वर्षांनी, पैसे घेऊन, एकदा दाढी वाढवून. नेवेना लाल रुमाल बांधून फेरात उभी राही आणि दरवेळी तिचे माणूस येई. गावातली बहुतेक माणसे येतच होती. ते पाहून स्रेब्राला बरे वाटे आणि वाईटही वाटे.

इसाइलोचे नाव आता मेलेल्यांत घेतले जाऊ लागले. पहिल्या शनिवारी स्रेब्रा गहू घेऊन टेकडीवर गेली. थडगे नव्हते, म्हणून रस्त्याकडच्या कडेला एक दगड ठेवला होता. तिने वाडगे पुढे केले, पण तिच्या हातचा घास कुणी घेतला नाही. त्रेनाने आपले वेगळे गहू आणले होते. लोक तिच्याकडे वळले. नेवेनाने मात्र सासूच्या वाडग्यातले चार चमचे खाल्ले, पोटुशी असल्यामुळे तिला भूकही होती. पुढे दरवर्षी असेच चालले. एका माणसाचे दोन वाडगे येत, एक संपे, एक घरी परत जाई आणि कोंबड्यांपुढे पडे.

सणाला स्रेब्रा चौकात जाईनाशी झाली. ढोल ऐकू येऊ नये म्हणून ती वरच्या कुरणात मेंढ्यांकडे राही. तिथेही तो ऐकू येई. लोक तिच्याशी वाईट वागत असे नाही. मीठ मागितले तर देत, खेचर अडले तर ओढायला येत. पण तिच्याजवळ कुणी बसत नसे, आणि थट्टा तर कुणीच करत नसे. तिला थट्टेची फार आठवण येई.

पुष्कळ वर्षांनी त्रेना आजारी पडली. पोटात गाठ होती. तोफे आधीच गेला होता. एके दिवशी त्रेनाची मुलगी दारात येऊन म्हणाली, "मामी, आईने बोलावलंय. का ते मला माहीत नाही. तिने आजवर तुमचं नाव काढू दिलं नाही."

स्रेब्रा गेली. त्रेना चुलीजवळच्या अंथरुणात बारीक होऊन पडली होती. तिने मुलीला बाहेर पाठवले.

"बस, वहिनी. तिकडे नको, इथे, मला मान वळवता येत नाही." थोडा वेळ ती नुसती श्वास घेत राहिली. "मी आता जाणार. दादा भेटेल. मला काहीच माहीत नाही त्याचं. तुला त्या वाटसरूने सांगितलं असेल ना सगळं. सांग. कसा गेला?"

स्रेब्राने इतक्या वर्षांत याची तयारी केली नव्हती. कुणी विचारलेच नव्हते.

"ताप आला होता," ती म्हणाली.

"काम करताना?"

"धक्का बांधत होते. पाण्यात उभं राहून काम. थंडी भरली, मग ताप."

"किती दिवस?"

"थोडेच. फार हाल झाले नाहीत."

"जवळ कुणी होतं?"

"होतं. आपल्याच भागातला एक जण होता, रेकाच्या खोऱ्यातला. त्याने पाणी दिलं. उशाला त्याचा कोट दिला."

"बरं झालं," त्रेना म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी येऊन कानात गेले. "शुद्ध होती?"

"होती. तुझं नाव काढलं."

"माझं? तुझं नाही?"

"माझंही. आधी तुझं."

"आणि मग कुठे पुरलं?"

"समुद्राच्या वर एक टेकाड आहे तिथे. चेरीच्या झाडाखाली."

त्रेनाने डोळे उघडले. "दादाला चेरी बघवत नसे. लहानपणी झाडावरून पडला होता, तेव्हापासून. तो चेरीखाली बसायचासुद्धा नाही."

"त्याला कुठे विचारलं कुणी," स्रेब्रा म्हणाली. "जिथे जागा मिळाली तिथे..."  तिने हातांकडे पाहिले.

त्रेना तिच्याकडे पाहत राहिली. चुलीतले लाकूड सरकून खाली बसले. बाहेर मुलगी कोंबड्यांना हाकलत होती. मग तिच्या चेहऱ्यावरून कळले, की तिला त्या दुपारचे सगळे दिसले होते. अंगण, चूल, पांढराफटक ओग्नेन, सिल्यान, आणि वाटसरू कुठेच नाही.

"कुणी आलंच नव्हतं," ती म्हणाली.

स्रेब्राने सरकलेले लाकूड चुलीत पुन्हा आत सारले.

"कुणीच आलं नव्हतं, हो ना? तुला काही म्हणता काही माहीत नव्हतं. आत्ताही नाही." तिचा हात चादरीवर चाचपडला आणि स्रेब्राच्या मनगटावर येऊन थांबला. त्यात जोर नव्हता. "आणि मी तुझ्या तोंडात मारली. सगळ्यांसमोर."

"जोरात मारली होतीस."

"मग तू ऐकून कशी घेतलीस? इतकी वर्षं?"

"काय करणार, वन्सं. लग्न लागायचं होतं."

त्रेनाने मान दुसरीकडे वळवायचा प्रयत्न केला, तो जमला नाही.  दुखणे पोटात वर येऊन गेले तेव्हा तिने मनगट घट्ट धरले आणि मग सोडले नाही.

"असू दे," ती अखेर म्हणाली. "चेरी नको. अक्रोड कर."

"अक्रोडाखाली पुरलं."

"हं. आणि तो रेकाकडचा, त्याने दगड ठेवला का वर?"

"ठेवला. चांगला घडवलेला. तुझ्या दादाच्याच हातचा राहिलेला होता एक."

"पुढे सांग," त्रेना म्हणाली आणि तिने डोळे मिटले.